हिमदंश व रुग्णपरिचर्या

अतिशीत तापमानात शरीराचा भाग गोठून ऊतकांना होणारी इजा म्हणजे हिमदंश. हातापायांची बोटे, नाक, कान व गाल यांना तो विशेषेकरून होतो. गोठणाऱ्या भागात बर्फाचे स्फटिक तयार होऊन कोशिकांतील पाणी बाहेर ओढले जाते व कोशिका मरू लागतात. भाग वितळल्यानंतर सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन रक्तपुरवठा खंडित होतो व कोथ (ऊतके मरून अवयव काळा पडणे) उद्‌भवतो. इजेचा बराच भाग असा वितळण्याच्या वेळी व त्यानंतर घडत असल्याने अवयव वाचणे हे पुष्कळसे परिचर्येवर अवलंबून असते. योग्य परिचर्या कोणती, हे समजण्यास मात्र सु. दीड शतक लागले.

नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रक्रियातज्ञ दॉमीनिक झां लारे (१७६६–१८४२) यांनी हिमदंशाचे सविस्तर वर्णन केले. फेब्रुवारी १८०७ मधील आयलौच्या लढाईत कडाक्याची थंडी असेतो सैनिकांची फारशी तक्रार नव्हती. थंडी ओसरताच पायांत वेदना, सूज व कोथ दिसू लागला. शेकोटीपाशी बसलेल्यांची अवस्था अधिक वाईट झाली. १८१२ मध्ये रशियातून माघार घेतानाही त्यांना हाच अनुभव आला. यावरून, ऊब टाळून गोठलेला भाग बर्फाने चोळावा, असे त्यांनी सांगितले. निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष सदोष होता. बधिर पायाला धग कळत नाही, म्हणून तो भाजतो. आणि रात्री वितळलेला पाय दुसऱ्या दिवशीच्या वाटचालीत पुन्हा गोठतो. खरे कारण हे होते. तथापि लारे यांच्या अधिकारामुळे बर्फाने चोळण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. चोळण्याने नाजूक ऊतके आणखी फाटत.

सोव्हिएट शस्त्रक्रियातज्ञ गिर्गोलाव्ह यांनी जलद ऊब देण्याचा पुरस्कार केला. अलास्कातील विल्यम मिल्स यांनी १९६० च्या सुमारास रुग्णांवरील अनुभवाने ही पद्धत प्रस्थापित केली. आता गोठलेला भाग ३७°–३९° से. तापमानाच्या पाण्यात तो मऊ व लालसर होईपर्यंत, सामान्यतः सु. अर्धा तास, बुडवून ठेवतात. पुन्हा गोठण्याचा धोका असल्यास मात्र ऊब देण्याचे लांबणीवर टाकतात.

पाणी निवत असल्याने परिचारिकेस तापमान वारंवार मोजावे लागते. वितळताना तीव्र वेदना होतात म्हणून वेदनाशामक देतात. भाग चोळत नाहीत. बोटांमध्ये कापूस ठेवून सैल पट्टी बांधतात व तो उंचावर ठेवतात. रक्तमिश्रित फोड फोडत नाहीत. धनुर्वाताची लस आवश्यक असल्यास देतात. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकुंचन पावत असल्याने ते वर्ज्य असते.

भारतात १९६२ च्या चीनबरोबरील युद्धात अपुऱ्या कपड्यांनिशी हिमालयात लढलेल्या सैनिकांना हिमदंशाने ग्रासले. १९८४ पासून सियाचीन हिमनदीवरील तैनातीमुळे भारतीय सैनिकी वैद्यकात हा विषय महत्त्वाचा ठरला.

गुठळ्या विरघळविणारी औषधे लवकर दिल्यास बोटे वाचू शकतात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तीव्र हिमदंशासाठी आयलोप्रोस्ट या औषधास अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. काळा पडलेला भाग पुष्कळदा वरवरच मृत असतो. म्हणून संसर्ग नसल्यास अंगच्छेदनाची घाई न करता मृत व जिवंत ऊतकांमधील सीमा स्पष्ट होईपर्यंत काही आठवडे ते महिने वाट पाहतात. या काळात रुग्णाचा धीर टिकविणे हाही परिचर्येचाच भाग होय.