पाळकसाहेबांची सुट्टी

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका चर्चचे पाळकसाहेब रविवारची उपासना चालू असतानाच चक्कर येऊन खाली बसले. दोघा-तिघांनी धरून दवाखान्यात नेलं. बीपी दोनशेच्या घरात. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची सुट्टी कधी घेतली होती?" साहेब गप्प. पाळकीणबाई म्हणाल्या, "धाकट्याच्या वेळेला चार दिवस माहेरी आले होते. आता तो बारावीला आहे."

मित्रांनो, मी चर्चचा माणूस नाही. पण बातम्यांच्या निमित्तानं या माणसाला अनेक वर्षं बघतोय. शनिवारी रात्री उपदेशाची तयारी. रविवारी सकाळी गावात उपासना, दुपारी मोटारसायकलवरून दोन खेड्यांत. सोमवारी मयत, मंगळवारी कुणाच्या नवरा-बायकोचं भांडण, बुधवारी दवाखान्यात प्रार्थना, गुरुवारी कमिटीची मीटिंग. मध्येच रात्री दोनला फोन. आपला रविवार सुट्टीचा, यांचा तोच सगळ्यात मोठा कामाचा दिवस. आणि त्याच्या बदल्यात दुसरा वार कुणी दिलेला नाही.

दवाखान्याबाहेर एक गृहस्थ म्हणाले, "सेवा म्हटल्यावर चालायचंच. जुन्या काळातले मिशनरी काय सुट्ट्या घेत होते का?"

हे वाक्य डोक्यात राहिलं. घरी येऊन पुस्तकं काढली. तर उत्तर असं निघालं की हो, घेत होते. आणि का घेत होते, ती गोष्ट आपल्याच नगर जिल्ह्याची आहे.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. दोन वर्षांत नॉट यांची तब्येत ढासळली आणि ते परत गेले. मागून आलेले सॅम्युअल न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत कॉलऱ्यानं गेले. स्वतः हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडे फिरतीवर होते. तिथं कॉलऱ्याची साथ. जवळची औषधं लोकांना वाटली आणि परतीला लागले. वाटेत त्यांनाच कॉलरा झाला. एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर प्राण गेला. वय ४१.

१८३१ च्या डिसेंबरात नगरला ठाणं उघडलं. आलेल्यांपैकी विल्यम हार्वी सहा महिन्यांच्या आत कॉलऱ्यानं गेले. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचे ब्राह्मण कुटुंबातून ख्रिस्ती झालेले गृहस्थ होते. पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, तेही कॉलऱ्यानंच गेले. एक देशी, एक परदेशी, मरण एकच.

एवढी माणसं गेल्यावर हिशोब डोक्यात येणारच. भाषा शिकायला दोन-तीन वर्षं लागणार, माणूस जरा कुठं बोलायला लागला की दफनभूमीत. त्यामुळे विश्रांती हा हळूहळू कामाचाच भाग झाला. महाबळेश्वरला जॉन माल्कम साहेबांनी १८२८ च्या सुमाराला आरोग्यस्थान वसवायला घेतलं होतं, माल्कमपेठ म्हणतात ते. नगरच्या पहिल्या तुकडीतले अॅलन ग्रेव्हज प्रकृतीच्या कारणानं तिथंच जाऊन राहिले आणि जमेल तेवढं काम करत राहिले. १८४३ मध्ये तिथंच वारले. पुढं उन्हाळ्यात घाटमाथ्यावर जायचं आणि काही वर्षांनी लांब रजेवर मायदेशी जायचं, ही रीतच पडली. ती चैन नव्हती, जीव वाचवण्याची सोय होती.

तरी सगळ्यांना ती वेळेवर मिळाली असं नाही. हेन्री बॅलंटाइन यांनी मराठीत कितीतरी उपासना-गीतं रचली. १८३५ पासून ते नगरला राबले. १८६५ मध्ये आजारी होऊन घरी निघाले आणि जहाजावरच गेले.

आता गोष्टीची दुसरी बाजू. इथून पुढं जरा नीट वाचा.

१८५४ मध्ये नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. आपल्या भाषेचा, आपल्या मातीतला पाळक. मोठी गोष्ट होती. मिशनचे अमेरिकेतले सचिव रूफस अँडरसन यांचा आग्रहच होता की इथल्या मंडळीनं आपल्या पायावर उभं राहावं, आपला कारभार आपण करावा, आपल्या पाळकाला आपण पोसावं. तत्त्व म्हणून आजही मला ते पटतं. परक्याच्या पैशावर स्वाभिमान उभा राहत नाही.

पण मंडळी कोण होती? बहुतेक गावकुसाबाहेरची माणसं. हातावर पोट. त्यात १८७६ चा दुष्काळ आला, १८९९ चा आला. जिथं मंडळीच उपाशी, तिथं पाळकाला काय मिळणार? मिशनरी आणि देशी पाळक एकाच धुळीच्या रस्त्यानं फिरत होते, एकाच साथीत रोग्याच्या उशाशी बसत होते. पण मायदेशीची रजा, जहाजाचं तिकीट, थंड हवेची जागा ही व्यवस्था अमेरिकेहून आलेल्यांसाठी होती. देशी पाळकाला वारशानं मिळाला तो फक्त कामाचा भाग. विश्रांतीचा भाग गाळला गेला, तो आजतागायत.

तो गाळलेला भाग भरून कुणी काढला? घरातल्या बाईनं. हे समजायला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मोठे कवी, मोठं मन. हातात पैसा आला की गरजूला दिला, दारात अनाथ पोर आलं की घरात घेतलं. पण चूल पेटायची ती लक्ष्मीबाईंच्या जिवावर. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगारही सोडला. १९१९ मध्ये गेले, वय ५७. आपण ते पुस्तक वाचताना हसतो, कारण लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. पण त्या हसण्याखाली पाळकाच्या घरातल्या ओढाताणीचा पक्का जमाखर्च आहे.

'सेवेत सुट्टी कसली' म्हणणाऱ्यांना त्यांच्याच शास्त्रातलं दाखवतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो आला, बघितलं, आणि सांगितलं की असं केलंस तर तूही थकशील आणि लोकही थकतील. माणसं नेम, लहान कामं त्यांना दे. शुभवर्तमानात दमून आलेल्या शिष्यांना येशू आधी एकांतात जाऊन विसावा घ्यायला सांगतो. म्हणजे मूळ पुस्तकात विसावा आहे. आपल्या कमिटीच्या मिनिट-बुकात नाही, एवढंच.

नुसती दया नको, व्यवस्था हवी, हेही चर्चनंच जगाला दाखवलंय. स्कॉटलंडमध्ये पाळक वारला की बायको-मुलं उघड्यावर पडायची. तेव्हा अलेक्झांडर वेबस्टर आणि रॉबर्ट वॉलेस या दोन पाळकांनी गणिती कॉलिन मॅक्लॉरिनची मदत घेतली. वर्षाला किती पाळक मरतात, मागं किती विधवा, किती मुलं राहतात, याचा हिशोब मांडला आणि १७४४ मध्ये फंड कायद्यानं सुरू केला. पुढं वीस वर्षांनी फंडात किती पैसे असतील, हा त्यांचा अंदाज जवळजवळ तंतोतंत खरा ठरला. आज आपण ज्या आयुर्विम्याचे हप्ते भरतो, त्याच्या इतिहासात हा फंड पहिल्या पानांवर आहे. पाळकांच्या घरांसाठी केलेलं गणित जगाला उपयोगी पडलं, आणि आपल्या तालुक्यातल्या पाळकाकडे साधा मेडिक्लेम नाही!

कॅथलिकांकडे निदान कागदावर सोय आहे. १९८३ च्या त्यांच्या धर्मसंहितेत पॅरिशच्या फादरना वर्षाला एक महिन्यापर्यंत सुट्टी घेता येते. आजारपण-म्हातारपणाची तरतूद करायलाही सांगितलंय, आणि पंचाहत्तरी झाली की राजीनामा देण्याची अपेक्षा आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मेथडिस्ट पाळकांची ड्यूक विद्यापीठानं पाहणी केली. त्यांच्यात लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब आसपासच्या लोकांपेक्षा जास्त निघाला. म्हणजे गाडी-बंगला असलेला पाळकही यातून सुटत नाही. दुसऱ्याचं दुखणं ऐकणारा माणूस स्वतःचं दुखणं पुढं ढकलतो, हे सगळीकडचं आहे.

आता आमच्या पाळकसाहेबांचं. दवाखान्यातून आल्यावर कमिटीनं ठराव केला, सोमवार सुट्टी. चर्चच्या दारावर पाटीही लावली. पहिल्याच सोमवारी शेजारच्या वाडीत मयत झाली. साहेब गोळ्या खिशात घालून गेलेच. त्यांना दोष कसा देणार? न जाता कसं चालेल?

म्हणून सांगतो, पाटी लावून सुट्टी मिळत नाही. बदली माणूस ठेवावा लागतो. शेजारच्या दोन-तीन चर्चनी मिळून वाटून घेतलं, या सोमवारी तुमचे पाळक, पुढच्या सोमवारी आमचे, तर ते होण्यासारखं आहे. सुट्टीच्या दिवशी साहेबांचा फोन मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्यानं घ्यायचा. वर्षातून एकदा पूर्ण तपासणी आणि कुटुंबाचा आरोग्य विमा, दोन्ही मंडळीच्या खर्चानं. नाताळच्या मंडपाला आपण जेवढा खर्च करतो, त्यातून थोडा बाजूला काढला तरी सुरुवात होईल. आणि हे ठरवताना पाळकीणबाईंना मीटिंगला बोलवा. खरं काय चाललंय ते त्यांनाच माहीत असतं.

कॉलऱ्यात माणसं गेली तेव्हा मिशनला विश्रांतीची किंमत कळली. आपण पुढच्या चक्करेची वाट बघायची का?

आपापल्या चर्चमध्ये पाळकसाहेबांना आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते, खाली लिहा. नसेल तर तेही लिहा.