लंडन ते कलकत्ता... बसने!

आपण आयटीवाले लंडन म्हटलं की विमानाचं तिकीट बघतो. पण १५ एप्रिल १९५७ ला लंडनहून एक बस चक्क कलकत्त्याला निघाली होती! नाव 'इंडियामन', प्रवासी २०, एकेरी भाडं ८५ पौंड. ५ जूनला ती पोचली.

पुढे या वाटेवर हिप्पी मंडळींची रीघ लागली. इस्तंबूलच्या गर्दीत 'पुडिंग शॉप' गाठायचं, पुढच्या गाडीची चौकशी करायची. मग तेहरान, हेरात, काबूल, लाहोर, दिल्ली. गंमत बघा, काबूल-कंदाहार रस्ता अमेरिकेच्या मदतीने झालेला, कंदाहार-हेरात सोव्हिएतच्या. शीतयुद्धातली चढाओढ बसवाल्यांच्या पथ्यावर पडली.

मग १९७९ उजाडलं. इराणमध्ये क्रांती झाली, डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. संपलं! रस्ता जागेवरच होता, बंद झाल्या त्या सरहद्दी. आपल्याकडेही तेच. दिल्ली-लाहोर बस १९९९ ला सुरू झाली, २०१९ ला थांबली.

म्हणून एखादी वाट आज उघडी दिसली, की मला वाटतं, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नये. सुट्टी टाकावी आणि जाऊन यावं.