दोष कुणाच्या घरात?

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहावयाचे म्हणजे पणती, समई नाहीतर आकाशकंदील ह्यांच्याविषयी लिहावे, असा संकेत आहे. मी मात्र आज एका पिवळ्या बल्बाविषयी लिहिणार आहे. हा बल्ब आमच्या देवघरात आहे. घरातले बाकीचे सगळे दिवे बदलून एलईडी झाले, पण आईने तेवढा एक बदलू दिला नाही. "देवाला तो पांढरा उजेड नको," असे तिचे म्हणणे. तिच्या ह्या हट्टामुळे गेल्या पावसाळ्यात एका माणसावरचा खोटा आळ दूर झाला. आळ घेणारा मीच होतो, म्हणून ही हकीकत सांगणे मला भाग आहे.

आमचा वाडा वाईला, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. वाड्यात बिऱ्हाडे तीन. पुढे आम्ही, मागच्या सोप्यात एकट्या राहणाऱ्या काकू आणि माडीवर एक तरुण जोडपे. त्यातला नवरा मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. तिन्ही बिऱ्हाडांना विजेच्या तीन फेजांपैकी एकेक फेज दिलेली, आणि जिन्याखालच्या पेटीजवळ तिघांचे मीटर. पावसाळा लागला आणि आमच्याकडे पंखा मध्येच अंगात आल्यासारखा फिरू लागला. फ्रिज कण्हू लागला. दोन दिवे गेले. वायरमन आला, होल्डर बदलून गेला. पुन्हा आला, पंख्याचा रेग्युलेटर बदलून गेला. तिसऱ्या खेपेस त्याने टेस्टर लावून दाखवला; तो झकास पेटला. "गुरुजी, सप्लाय एकदम ओके आहे," असे सांगून तो गेला. त्याच रात्री काकूंचा टीव्ही जळाला.

मी शाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराला एकदा खलनायक सापडला, की कथानक आपोआप पुढे सरकते. तारांशी खेळणारा माणूस वाड्यात एकच, तो माडीवरचा. माडीवर त्यांचा गीझर लागला की आमच्याकडे गडबड होते, हेही ध्यानात आले होते. मीटरशी काही उद्योग चालला असावा, असे मी मनाशी ठरवले. आणि एका संध्याकाळी वर जाऊन बोलू नये ते बोललो. तो बिचारा एवढेच म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडे तर उलट होतं. दिवे मंद होतात. तासभर गीझर लावला तरी पाणी कोमटच." मला ती सबब वाटली. दुसऱ्या दिवसापासून त्याची बायको आईकडे पूजेची फुले घेऊन येईनाशी झाली.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी वाचकांना सुमारे दोनशे वर्षे मागे नेणे जरूर आहे. तारेतला दोष डोळ्यांना दिसत नाही, मग तो शोधावा कसा, हा प्रश्न काही आमच्या वाड्यात प्रथम पडलेला नव्हता. त्याचा इतिहास मी मागाहून, मिळेल तेथून वाचून काढला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा जे मला समजले ते कुणालाही समजेल.

१८०० साली इटलीतल्या व्होल्टाने दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्यांमध्ये खाऱ्या पाण्याने भिजवलेले कापड घालून विजेची पहिली घटमाला केली. १८२० साली डेन्मार्कच्या अर्स्टेडला दिसले, की तारेतून वीज वाहू लागली म्हणजे शेजारची होकायंत्राची सुई हलते. न दिसणाऱ्या विजेला पाहण्याचा डोळा मिळाला तो असा. परंतु नुसते दिसणे निराळे आणि मोजणे निराळे. मोजण्याचा नियम शोधला तो एका शाळामास्तराने, हे वाचून मला साहजिकच आनंद झाला. गेऑर्ग ओहम हा एर्लांगेन गावच्या एका कुलूप करणाऱ्याचा मुलगा, कोलोनच्या शाळेत गणित शिकवी. घटमालेची वीज कमीजास्त होते, म्हणून त्याने दोन धातूंचा जोड घेऊन एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले. त्यातून येणारी वीज क्षीण, पण स्थिर. दाब किती, तार अडवते किती आणि प्रवाह वाहतो किती, ह्या तिहींचे नाते त्याने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले. त्याच्या देशात त्याचे स्वागत थंडपणे झाले आणि त्याने नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले ते १८४१ साली.

१८३३ साली क्रिस्टी नावाच्या इंग्रज गणितज्ञाने अडवणूक मोजण्याची एक युक्ती सुचवली. दहा वर्षांनी व्हीटस्टनने ती लोकांपुढे आणली, आणि क्रिस्टीचे ऋण मान्य करूनही नाव मात्र व्हीटस्टनचेच रूढ झाले. ही युक्ती म्हणजे विजेचा तराजू. एका बाजूला ठाऊक असलेली तार, दुसऱ्या बाजूला अज्ञात; मधली सुई स्थिर राहिली की माप समजले. तारेचा एक मैल किती अडवतो हे माहीत असेल, तर मापावरून दोष किती मैलांवर आहे ते टोकाशी बसून सांगता येते. दूरच्या टोकाला बिघडलेली तार चांगल्या तारेला जोडून वळसा पुरा केला, तर उत्तर अधिकच नेमके येते. ह्या वळशाच्या एका पद्धतीला व्हार्ली ह्या तारतज्ज्ञाचे नाव आहे.

ह्या विद्येची खरी कसोटी लागली ती अटलांटिक महासागराच्या तळाशी. आयर्लंड आणि अमेरिकेचा किनारा ह्यांना जोडणारी पहिली तार ऑगस्ट १८५८ मध्ये पुरी झाली. तोफा झाल्या, दारूकाम झाले, आणि काही आठवड्यांतच तार मुकी झाली. संदेश नीट येईनात, तेव्हा व्हाइटहाउस ह्या अधिकाऱ्याने तारेवर सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला होता. आधीच दुबळी असलेली तार त्याने आणखी बिघडली. रोग न ओळखता मात्रा वाढवावी, तसेच ते. विल्यम थॉमसनचा मार्ग निराळा होता. त्याने इवल्याशा आरशावर प्रकाश पाडून त्याची तिरीप पट्टीवर सरकवली आणि अतिसूक्ष्म प्रवाहही वाचता येईल असे यंत्र केले. ह्या अपयशानंतर चौकशी झाली. अडवणुकीचे सर्वमान्य माप असावे म्हणून ब्रिटिश असोसिएशनने १८६१ साली एक समिती नेमली. पुढे १८८१ च्या पॅरिस परिषदेत जी मापे ठरली, त्यांत त्या शाळामास्तराचे नाव अमर झाले. तो १८५४ मध्येच वारला होता.

पण मला सर्वांत जवळची वाटली ती १८६५ ची हकीकत. 'ग्रेट ईस्टर्न' ह्या अजस्र जहाजाच्या टाक्यांत नवी तार वेटोळी करून भरली होती. जुलैच्या अखेरीस आयर्लंडचा व्हॅलेन्शिया किनारा सोडून जहाज निघाले. किनारा आणि जहाज दोन्हीकडून तारेची परीक्षा चालू असे. चौऱ्याऐंशी मैल गेल्यावर सुई बिघाड सांगू लागली. तार मागे ओढली, तेव्हा लोखंडी तारेचा दोन इंचांचा एक तुकडा तिच्या आवरणातून आरपार गेलेला दिसला. पाचच दिवसांनी पुन्हा तसाच प्रकार. झाले! हे कुणा घरभेद्याचे काम, असे सर्वांच्या मनाने घेतले. टाकीत काम करणाऱ्या खलाशांच्या टोळीवर संशय आला. त्यांच्यावर पहारे बसले. जहाजावरची प्रतिष्ठित मंडळी आळीपाळीने टाकीत उतरून राखण करू लागली. पहारा असतानाही तिसरा दोष निघाला. मग ध्यानात आले, की तारेवरच्या चिलखताच्या लोखंडी तारा ठिसूळ आहेत. टाकीतल्या वजनाखाली त्यांचे तुकडे पडतात आणि आतल्या आवरणात शिरतात. शत्रू कुणीच नव्हता. हा तिसरा दोष काढण्यासाठी मागे ओढताना तार तुटली आणि सुमारे बाराशे मैलांवर समुद्रात गडप झाली. पुढल्या वर्षी, १८६६ मध्ये, त्याच जहाजाने नवी तार यशस्वीपणे टाकली आणि बुडालेली तारही वर काढून जोडली. खलाशांची कुणी क्षमा मागितली की नाही, हे माझ्या वाचनात आले नाही.

हे जहाज आपल्यालाही अगदीच परके नाही. १८७० च्या आरंभी ते मुंबई बंदरात नांगरून होते, आणि मुंबईपासून एडनपर्यंतची समुद्रतार त्यानेच टाकली. त्याच सुमारास हिंदुस्थानच्या तारखात्यात लुई श्वेंडलर हा जर्मन तज्ज्ञ तारा तपासण्याची शिस्त बसवीत होता. तारा कशा तपासाव्यात ह्याचे नियमपुस्तक त्याने सरकारसाठी लिहिले. कलकत्त्याचे प्राणिसंग्रहालय उभे राहिले त्यातही त्याचा हात होता.

येथपर्यंत वीज निरोप पोचवीत होती. घरात ती आली १८८२ च्या आसपास. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने वीजकेंद्र सुरू केले. तांबे महाग, म्हणून लवकरच त्याने आणि इंग्लंडात हॉपकिन्सनने, स्वतंत्रपणे, एक काटकसर शोधली: दोन वेगळ्या मंडलांना परतीची तार एकच ठेवावयाची. दोन्हीकडे सारखाच भार असला तर ह्या मधल्या तारेतून जवळजवळ काहीच वाहत नाही, म्हणून ती बारीक असली तरी चालते. १८९१ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनासाठी पावणेदोनशे किलोमीटरवरून तीन फेजांची वीज आणून दाखवली गेली. तीन फेजा आणि सर्वांची मिळून एक परतीची तार, हीच रचना आज आपल्या गल्लीतल्या खांबावर आहे. ह्या परतीच्या तारेला आपण न्यूट्रल म्हणतो. फेज आणि न्यूट्रल ह्यांमध्ये दाब २३० व्होल्टच्या आसपास. दोन फेजांमध्ये ४००.

आता वाड्याकडे वळू. एका सकाळी आई देवघरातून म्हणाली, "अरे, वरच्यांचं पाणी तापायला लागलं की माझा देव उजळतो, आणि त्यांचं झालं की पुन्हा मंदावतो. रोजचं आहे हे." एलईडी दिव्यांनी काही दाखवले नव्हते; दाब थोडा वरखाली झाला तरी त्यांच्या पोटातले यंत्र सांभाळून घेते. जुना बल्ब मात्र खरे बोलत होता. अर्स्टेडची सुई आमच्या देवघरात होती, आणि ती वाचत होती आई.

आईचे बोलणे मी एका निवृत्त वायरमन काकांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "गुरुजी, एका घरात बसून हे कळायचं नाही. एकाच वेळी दोन्हीकडे मीटर लावायला हवा." म्हणजे मला पुन्हा तो जिना चढावा लागणार. चढलो. दार त्यानेच उघडले. मी अडखळत काम सांगितले. त्याने काही न बोलता आपल्या पेटीतला मल्टिमीटर काढला. खाली काका, वर तो. गीझर बंद असताना दोन्हीकडे २३० च्या जवळपास. गीझर लावताच वरून हाक आली, "एकशे अठ्ठ्याऐंशी!" आणि खाली आमच्याकडे दोनशे चौसष्ट. आमच्याकडे उलट होते, असे तो म्हणाला होता. ती सबब नव्हती. कोड्याचा दुसरा अर्धा भाग होता, आणि तो मी कानाआड केला होता.

न्यूट्रल ढिला झाला होता. परतीची वाट अडली म्हणजे एका घराची वीज दुसऱ्या घरांतून परतू पाहते. मग दोन फेजांमधले ४०० व्होल्ट घराघरांत वाटले जातात, पण सारखे नव्हेत. ज्याच्याकडे मोठे उपकरण चालू, त्याच्याकडे दाब कमी. ज्याच्याकडे एकटा टीव्ही, त्याच्या वाट्याला जास्त. म्हणून जळाला तो काकूंचा. टेस्टर फक्त फेज आहे की नाही एवढेच सांगतो; परतीच्या तारेविषयी तो मुका असतो.

काकांनी पेटीला हात लावू दिला नाही, आणि वाचकांनाही माझे तेच सांगणे आहे. सगळ्यांचे मेन बंद करून आम्ही ती रात्र पणत्यांवर काढली. दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयाला कळवून पुरवठा बंद केला आणि परवानाधारक कंत्राटदाराकडून जोड उघडवला. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून बांधलेली; भोवती पांढरी भुकटी, खाली काळवंडलेली लाकडी फळी. दोन धातू आणि पावसाळ्यातली ओल! व्होल्टाने १८०० साली मुद्दाम केले, ते आमच्या जिन्याखाली आपसूक घडले होते, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत गेले होते. आणखी थोडे दिवस गेले असते तर त्या फळीने पेट घेतला असता आणि जुन्या वाड्याचे सारे लाकूड तिच्यामागे गेले असते. दोन्ही धातूंना चालणारा लग बसवला, जोड घट्ट केला. काम अर्ध्या तासाचे.

संध्याकाळी मी तिसऱ्यांदा जिना चढलो आणि त्या मुलाची क्षमा मागितली. विद्यार्थ्यांना चुका कबूल करायला शिकवणे फार सोपे असते. स्वतः करताना घसा कोरडा पडतो. तो म्हणाला, "जाऊ द्या, गुरुजी. तुम्हाला तुमच्याच घरातलं दिसत होतं, मलाही माझ्याच." काकूंचा टीव्ही त्याने दुरुस्त केला, सामानाचे पैसे मी दिले, मजुरी त्याने घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको परडीभर प्राजक्त घेऊन खाली आली. माडीवर गीझर चालू होता. आईने देवघरातल्या बल्बाकडे पाहिले आणि म्हणाली, "आज हलला नाही हो."