तोल, दृष्टि आणि रक्तदाब

पहाटेच्या अंधारात अंथरुणावरून एकदम उठले की क्षणभर डोळ्यांपुढे काळोखी येते, हा अनुभव पुष्कळांना असेल. उभे राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त छातीकडून पोट व पाय यांकडे उतरते आणि मेंदूचा पुरवठा तुटण्याची वेळ येते. तरीही बहुतेक माणसे दिवसातून अनेक वेळा निर्धास्तपणे उठतात-बसतात. हे कसे साधते?

मानेतील धमनीच्या फुगवट्यात रक्ताचा दाब ओळखणारे मज्जातंतू असतात, हे जर्मनीतील हेरिंग याने 1920 नंतरच्या दशकात दाखविले. दाब उतरला की हे तंतू हृदयाची गती वाढवितात. पण हा पहारेकरी चोरी झाल्यावर ओरडणारा! दाब आधी उतरावा लागतो. त्याआधीच इशारा देणारा कोणी आहे काय, या प्रश्नाचे उत्तर कानात सापडले.

एके काळी भोवळ म्हणजे मेंदूत रक्त साचणे, अशी वैद्यांची समजूत होती आणि उपाय म्हणून रोग्याचे रक्त काढीत. वस्तुतः फ्लूराँसने कबुतराच्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदून, पक्ष्याला ऐकू येते पण त्याचा तोल जातो, हे पूर्वीच दाखविले होते. पुढे 1861 मध्ये पॅरिसच्या मेनिएरने बहिरेपणासह येणाऱ्या भोवळीचे मूळ कानात असल्याचे प्रतिपादिले. रक्ताचा संबंध तुटला, असे त्या वेळी वाटले असावे.

व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानीची कथा मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. रोग्यांचे कान पाण्याने धुताना त्यांना चक्कर येई. पाणी पुरेसे ऊन नसले म्हणजेच असे होते, असे एका रोग्याने सांगितले. बारानीने पुढच्या वेळी फार ऊन पाणी वापरले. चक्कर आलीच, पण डोळ्यांचे थरथरणे उलट दिशेने होत होते! कानातील द्रव थंडीने खाली उतरतो, उष्णतेने वर चढतो, हे त्याने ताडले. साध्या पिचकारीतून तोलाच्या इंद्रियाची परीक्षा जन्मास आली. 1914 चे नोबेल पारितोषिक त्याला 1915 मध्ये जाहीर झाले, तेव्हा तो मर्व्ह येथे रशियनांचा युद्धकैदी होता. स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केली आणि 1916 मध्ये त्याची सुटका झाली.

रक्तदाबाचा धागा न्यूयॉर्कच्या डोबा व रीस यांनी 1974 मध्ये पुन्हा जोडला. बेशुद्ध केलेल्या मांजरांना डोके वर येईल असे कलते केले, तर त्यांचा दाब सावरतो; कानातील तोलाच्या मज्जा दोन्ही बाजूंनी छेदल्यावर तो नीट सावरेना. कानात चुनखडीचे सूक्ष्म कण असलेले अवयव आहेत. डोके कलताच हे कण सरकतात. संदेश मेंदूच्या देठाकडे जातो आणि तेथून अनुकंपी मज्जातंतूंमार्फत रक्तवाहिन्या आवळल्या जातात. दाब ढासळण्याची वाट पाहिली जात नाही.

दृष्टीचा वाटा पिट्सबर्गच्या येट्स यांच्या प्रयोगशाळेतून 1999 मध्ये स्पष्ट झाला. येथे मांजरे जागी होती. तोलाची इंद्रिये निकामी केल्यावरही, भोवतालचे दिसत असेल तोवर कलते होताना त्यांचा दाब टिके. दृष्टीचा आधार काढून घेतला की उतरे. आपण उभे आहो की आडवे, हे कान सांगेनासा झाला तर डोळा सांगतो आणि रक्तवाहिन्या त्याचेही ऐकतात, असाच याचा अर्थ. मला यातील विलक्षण भाग पुढचाच वाटतो: साधारण आठवड्याभरात ही उणीवही भरून निघाली, अंधारातही दाब सावरू लागला.

उतारवयात मात्र कान, डोळे आणि मानेतील तो पहारेकरी, तिन्ही एकदम मंदावतात. रात्री उठणाऱ्या वृद्धाने आधी दिवा लावावा, पलंगाच्या काठावर घटकाभर बसावे आणि मग पाय टेकून उभे राहावे, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी.