पोटातला गोळा आणि पोलादातली चीर

आमच्या लोणी देवकरच्या आसपास ऊस उदंड. ऊस आला की कारखाना आला, आणि कारखाना आला की बॉयलर आला. या बॉयलरचे बायकांच्या पोटातल्या गोळ्याशी काही नाते आहे असे मी म्हटले, तर वाचक हसतील. पण नाते आहे खरे!

पोलादाच्या जोडात चीर राहिली आहे काय, हे न फोडता ओळखण्याचे एक यंत्र कारखानदार वापरीत. कानाला ऐकू न येणारा ध्वनी आत सोडायचा आणि परतणारा प्रतिध्वनी पडद्यावर पाहायचा. ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड १९५५ च्या जुलैत शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी दोन मोटारींत घालून रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कंपनीत गेले. तुलनेसाठी कंपनीने मांसाचा मोठा तुकडा पुरविला. अंडाशयाची पाण्याने भरलेली गाठ आणि गर्भाशयाची भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी अगदी निराळे निघाले. पाणी गप्प राहते, मांस बोलते.

पुढे एका बाईचे पोट वाढत चालले होते आणि देह खंगत होता. क्ष-किरणांवरून पोटाचा कर्करोग ठरला होता; म्हणजे आशा संपलीच. डोनाल्डांच्या यंत्राला मात्र ती भली थोरली पाण्याची गाठ वाटली. शस्त्रक्रियेत अंडाशयाची गाठ निघाली आणि बाई बरी झाली. डोनाल्ड, मॅकव्हिकार आणि तरुण इंजिनियर टॉम ब्राउन यांचा लेख ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. गर्भाच्या चित्रांचा बोलबाला नंतर झाला. त्या लेखाचा मथळाच मुळी पोटातल्या गाठींविषयी होता.

गाठ साधी की घातकी, हे ओळखण्याची परीक्षा त्यानंतर कित्येक वर्षे घडत गेली. 'आयोटा' या युरोपीय गटाने २००८ मध्ये दहा साध्या खुणा सांगितल्या, पाच दिलाशाच्या आणि पाच धोक्याच्या. एकाच कप्प्याची गाठ, आत रक्तप्रवाह नाही, तर बहुधा निर्धास्त. वेडावाकडा भरीव भाग, आतून उगवलेले चार किंवा अधिक कोंब, पोटात पाणी, रक्ताचा जोरदार प्रवाह, तर सावध. सुमारे तीनचतुर्थांश गाठींचा निवाडा या खुणांनी लागतो; उरलेल्यांसाठी मुरलेल्या डॉक्टरचीच नजर हवी.

आपल्याकडे या यंत्राचे नाव वेगळ्याच कारणाने गाजले. पोटातली मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्याकडे त्याचा उपयोग होऊ लागला, म्हणून १९८८ मध्ये देशात प्रथम महाराष्ट्राने कायदा केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. कायदा हवाच होता. पण सोनोग्राफी म्हणजे पोटुशीची तपासणी, ही समजूत त्याआधीच घट्ट बसली होती.

शेजारच्या आजींचे पोट महिनाभर फुगलेले, दोन घासांत भरल्यासारखे होई. त्या ओवा खात राहिल्या. मी सोनोग्राफीचे नाव काढले तर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बाई, माझं आता दिवस राहायचं वय हाय व्हय?" अंडाशयाचा कर्करोग बहुतेककरून पाळी गेल्यावरच गाठतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सुनेने त्यांना इंदापूरला नेले. गाठ होती, पातळ भिंतीची, आत नुसते पाणी. ओव्याची पुरचुंडी अजून कनवटीला असतेच.