बैलराक्षसाचे कासव झाले त्याची गोष्ट

राक्षसांची वंशावळ आपण पुराणांत शोधतो. व्हिडिओ गेममधल्या राक्षसाला मात्र पूर्वजच नसावेत, असे धरून चालतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधल्या बाउझरच्या बाबतीत हे खरे नाही.

१९८५च्या सप्टेंबरात जपानमध्ये आलेल्या या खेळात ८ जगे आहेत. प्रत्येकाच्या शेवटी किल्ला, आणि किल्ल्यात लाव्ह्यावरच्या पुलावर उभा बाउझर. पलीकडची कुऱ्हाड गाठली की पूल कोसळतो. पण पहिले सातही तोतये! आगीच्या गोळ्यांनी मारले, तर त्या वेषातून एखादा किरकोळ शिपाई निघतो.

जपानीत त्याचे नाव ‘कुप्पा’, एका कोरियन भाताच्या पदार्थावरून घेतलेले. निर्माते शिगेरू मियामोतो यांच्या मनात आधी कासव नव्हते. होता तो तोएई स्टुडिओच्या १९६०च्या ‘साइयुकी’ या ॲनिमेशनपटातला बैलराजा. सहकारी ताकाशी तेझुका यांना चित्रात कासव दिसले. मग तोएईतच उमेदवारी केलेले योइची कोताबे यांनी आजचे रूप पक्के केले. शिंगे मात्र अजून आहेत.

‘साइयुकी’चे मूळ सोळाव्या शतकातली चिनी कादंबरी, तिच्यामागे सातव्या शतकातला ह्युएनत्संगाचा भारतप्रवास. पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करणारा तोच हा यात्रेकरू. त्याच्या यात्रेभोवती पुढच्या कथेकऱ्यांनी राक्षस उभे केले. खेळ रचणाऱ्यांनी त्यातल्या एकाला कवच चढवले. रामकथेचे पाठभेद जपून नोंदवणाऱ्या आपल्या अभ्यासाने हा पाठभेदही नोंदवायला हवा.