३८ शब्द: एका व्याख्येवरचे ओळीगणिक भाष्य

२६ मे २०१६ रोजी बुखारेस्टमध्ये ‘इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंबरन्स अलायन्स’ या संघटनेने एक व्याख्या मंजूर केली. मूळ इंग्रजीत ती ३८ शब्दांची आहे; तिच्याखाली एक टिपण आणि ११ उदाहरणे आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटिश सरकारने ती स्वीकारली. पुढची कितीतरी वर्षे तिथले राजकीय पक्ष, विद्यापीठे आणि वर्तमानपत्रे तिच्यावरून भांडत राहिली. एवढ्याशा मजकुरावरून एवढे रण माजले, की तो वाचला किती जणांनी आणि नुसता ऐकला किती जणांनी, अशी शंका येते. म्हणून जुन्या भाष्यकारांची रीत उसनी घेऊन एकेक पद पुढे ठेवतो. मराठी रूपांतर माझे आहे.

१. ‘अँटिसेमिटिझम म्हणजे…’

मराठी भाषांतरकाराला पहिलाच शब्द अडवतो. आपल्याकडे रुळलेला शब्द ‘ज्यूद्वेष’. तो इथे बसवून पाहावा: ‘ज्यूद्वेष म्हणजे अशी समज, जी ज्यूंच्या द्वेषाच्या रूपात व्यक्त होऊ शकते.’ वाक्य स्वतःभोवतीच गिरकी घेते. द्वेष हे अनेक रूपांपैकी एक, असे व्याख्या सांगू पाहते. आपल्या शब्दाने तो आधीच पोटात घेतलेला असतो. ‘ज्यूविरोध’ म्हणावे, तर विरोध ही लोकशाहीतली सभ्य गोष्ट. म्हणून मुळात परका शब्द तसाच ठेवला आहे. भाष्यात सोयीसाठी ‘ज्यूद्वेष’ लिहितो, पण ही अडचण विसरून नव्हे. पुढचा बराच वाद तिच्यातच दडलेला आहे.

हा परका शब्दही फार जुना नाही. १८७९ च्या सुमारास जर्मनीत व्हिल्हेल्म मार याने तो प्रचारात आणला, तोही आपल्या चळवळीचे मिरवण्याचे नाव म्हणून. ‘सेमिटिक’ हे खरे तर भाषाकुलाचे नाव. हिब्रू आणि अरबी दोन्ही त्यातल्या. मार आणि त्याच्यासारख्यांनी त्याला वंशाचा अंगरखा चढवला.

पूर्वपक्ष: अरबही सेमिटिक, मग अरब माणूस ज्यूद्वेष्टा कसा ठरेल?

उत्तर: योगाद् रूढिर्बलीयसी. फोड काहीही सांगो, हा शब्द वापरात आला तो ज्यूंसाठीच. व्याख्येच्या कर्त्यांनी इंग्रजीत तो मधल्या आडव्या रेघेशिवाय, सलग लिहिला आहे, तो ‘सेमिटिझम’ नावाची काही वस्तू असल्याचा भास होऊ नये म्हणून.

२. ‘…ज्यूंविषयीची एक विशिष्ट समज…’

सगळ्या व्याख्येचा भार या पदावर आहे. इथे ‘आकलन’ म्हणता येत नाही, कारण आकलनाला वस्तू समोर असावी लागते. ‘पूर्वग्रह’ म्हटले तर निवाडा आधीच होतो. ‘समज’ हा मराठी शब्द दोन्हीकडे झुकतो: समज असणे हा गुण, आणि समज करून घेणे हा बहुधा दोष. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, तीही एक समजच होती. पण ती बंद घाणा पाहून झालेली होती. हे लोक तेल गाळतात आणि शनिवारी घाणा थांबवतात, एवढेच ते नाव सांगे. व्याख्येत जी समज अभिप्रेत आहे, तिला समोर ज्यू असण्याची गरज नसते. इंग्लंडने १२९० मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवले आणि १६५६ पर्यंत त्यांना उघडपणे तिथे राहता आले नाही. या साडेतीन शतकांत इंग्रजी रंगभूमीवरचा सावकार ज्यू मात्र जिवंतच राहिला. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ज्यू माणूस कधी पाहिलेला नव्हता.

ही समज आज कशी दिसते? २०१२ साली पूर्व लंडनमधल्या हॅनबरी स्ट्रीटवर एक भिंतचित्र रंगवले गेले. काही वयस्क, सुटाबुटातले पुरुष एका पटाभोवती बसलेत. पैशाचा खेळ चालू आहे. पटाखाली पायांच्या जागी वाकलेली उघडी माणसे आहेत, त्यांच्या पाठींवर तो पट टेकलेला. मागे डोळा असलेला पिरॅमिड. बसलेल्यांतल्या काहींची नाके ज्या वळणाने काढली आहेत, ते वळण युरोपच्या व्यंगचित्रांत शंभर वर्षे गिरवले गेलेले आहे. हे बँकवाले आहेत, सगळे ज्यू नाहीत, असे चित्रकाराने सांगितले. तरीही चित्र पुसले गेले. त्या वेळी साधे खासदार असलेल्या जेरेमी कॉर्बिन यांनी फेसबुकवर चित्रकाराची बाजू घेत, ते का पुसायचे, असे विचारले होते. मार्च २०१८ मध्ये ती नोंद वर आली, तेव्हा ते मजूर पक्षाचे नेते होते. आपण चित्र नीट निरखून पाहिले नव्हते, याची खंत त्यांनी व्यक्त केली. २६ मार्चला पार्लमेंट स्क्वेअरमध्ये ब्रिटिश ज्यू ‘आता पुरे’ असे फलक घेऊन उभे राहिले. १७६० पासून चालत आलेले ‘बोर्ड ऑफ डेप्युटीज’ त्या निदर्शनाच्या आयोजकांत होते. एरवी निवेदन आणि शिष्टमंडळ या वाटेने जाणारी ही संस्था रस्त्यावर आली, हेच नवे होते.

३. ‘…जी ज्यूंच्या द्वेषाच्या रूपात व्यक्त होऊ शकते.’

पूर्वपक्ष: ‘होऊ शकते’ म्हणजे काय? होतही नसेल. ज्या व्याख्येला स्वतःची हद्द आखता येत नाही, ती व्याख्या कसली? ब्रिटनचे निवृत्त न्यायमूर्ती स्टीफन सेडली यांनी ती अनिश्चित असल्याची टीका केली होती. कायदेतज्ज्ञाच्या नजरेने ती खोटी नाही.

उत्तर: अनिश्चितता आहेच, पण या ‘शकते’ने एक काम केले आहे. द्वेष ही आवश्यक अट नाही, असे त्याने सांगून टाकले. भिंतचित्राच्या वेळी आणि नंतर अनेक प्रकरणांत बचाव एकच असे: माझ्या मनात कुणाविषयी द्वेष नाही, मी तर आयुष्यभर वंशवादाशी लढलो. हे उत्तर अनेकदा प्रामाणिक असते, पण ते विचारलेल्या प्रश्नाचे नसते. प्रश्न चित्रात काय आहे, हा असतो. ब्रिटनचा २०१० चा समता कायदाही छळ ठरवताना हेतूइतकाच परिणाम पाहतो.

ब्रिटनच्या समता आणि मानवी हक्क आयोगाने ज्यूद्वेषाच्या तक्रारींवरून मजूर पक्षाची चौकशी केली, ती या कायद्याच्या आधारे. २०१४ साली गाझातल्या युद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ज्यूंवरचे हल्ले वाढले, तेव्हा ‘कॅम्पेन अगेन्स्ट अँटिसेमिटिझम’ ही संघटना उभी राहिली. तिने आणि पक्षातल्याच ‘ज्यूइश लेबर मूव्हमेंट’ने आयोगाकडे तक्रार नेली. २९ ऑक्टोबर २०२० च्या अहवालात पक्षाने कायदा मोडल्याचा निष्कर्ष निघाला: तक्रारींच्या कामात नेत्याच्या कार्यालयाची ढवळाढवळ, त्या हाताळणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नसणे आणि छळ. तक्रारी बनावट आहेत, बदनामीसाठी आहेत, असे म्हणणे हाही काही प्रसंगी छळाचाच भाग ठरला. तरीही त्याच अहवालाने, इस्रायली सरकारवर रास्त टीका करण्याचा सभासदांचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याखाली सुरक्षित असल्याचेही नोंदवले. दोन्ही बाजूंनी अहवाल अर्धाअर्धा वाटून घेतला.

४. ‘त्याचे शब्दांतले आणि शारीरिक आविष्कार…’

शब्द आधी आले आहेत, हा क्रम नीट आहे. शब्दांचा कारखाना वर्तमानपत्र. ब्रिटिश वृत्तपत्रांनी ज्यूद्वेषाचा आणि त्याच्याविरुद्धचा, असा दोन्ही प्रकारचा माल काढला आहे. मे १९२० मध्ये ‘द टाइम्स’ने ज्यूंच्या जागतिक कटाचा पुरावा म्हणून फिरवलेल्या ‘प्रोटोकॉल्स’ या बनावट दस्तऐवजाची दखल घेतली ती गंभीरपणे, हे खरे तर नाही ना, अशा स्वरात. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९२१ मध्ये, त्याच पत्राचे बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज यांनी तो मजकूर मोरिस जोली या फ्रेंच लेखकाच्या जुन्या उपरोधिक पुस्तकातून चोरलेला असल्याचे उताऱ्याशेजारी उतारा ठेवून दाखवले. चूक आणि दुरुस्ती एकाच पत्राची. आजही हिंडताना दिसते ती चूकच.

या पदाखाली मुंबईत जन्मलेल्या एका बाईचे नाव घ्यायला हवे. रेचल बियर, माहेरची ससून, जन्म १८५८. डेव्हिड ससून यांची ही नात लंडनमध्ये वाढली आणि १८९० च्या दशकात ‘द ऑब्झर्व्हर’ व ‘द संडे टाइम्स’ या दोन्ही पत्रांची संपादक झाली. ज्या गुप्त चिठ्ठीवरून ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला फ्रान्सने देशद्रोही ठरवले, ती आपणच लिहिल्याची एस्टरहाझी या दुसऱ्या अधिकाऱ्याची कबुली १८९८ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ने छापली. ज्यूद्वेषाविरुद्ध ब्रिटिश पत्रांतून झालेल्या कामाचा इतिहास सांगताना सुरुवात इथून करायला हरकत नाही.

५. ‘…ज्यू किंवा ज्यू नसलेल्या व्यक्तींविरुद्ध आणि/किंवा त्यांच्या मालमत्तेविरुद्ध…’

‘ज्यू नसलेल्या’ हे पद पाहून वाचक थबकतो. दुसऱ्या पदातली ‘समज’ आठवली की कोडे सुटते: बळी कोण, हे समज करून घेणारा ठरवतो. बेंजामिन डिझरायली यांचा १८१७ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, बाप्तिस्मा झाला. ते दोनदा ब्रिटनचे पंतप्रधान झाले, पण व्यंगचित्रकारांनी त्यांना अखेरपर्यंत ज्यूच काढले. चर्चच्या नोंदवहीपेक्षा चित्रकाराची पेन्सिल वरचढ ठरली. मालमत्तेविषयी निराळे सांगायला नको. फुटलेल्या काचेला कुठलाच धर्म नसतो.

६. ‘…ज्यू समाजाच्या संस्था आणि प्रार्थनास्थळे यांविरुद्ध असतात.’

३८ शब्द इथे संपतात. यॉर्कच्या क्लिफर्ड्स टॉवरमध्ये मार्च ११९० मध्ये जमावाच्या भीतीने कोंडून घेतलेले सुमारे १५० ज्यू मरण पावले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी, मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्ला झाला. हल्लेखोर आत शिरू नये म्हणून उपासकांनी आतून दार रेटून धरले. दोन जण गेले. त्यांतला एक दाराशीच, पोलिसांची गोळी लागून. ‘कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट’ ही संस्था १९८४ पासूनच्या ज्यूद्वेषी घटनांच्या नोंदी ठेवते. २०२३ या एका वर्षात त्या ४,००० च्या वर गेल्या. ब्रिटनमध्ये सिनेगॉगच्या आणि ज्यू शाळांच्या फाटकावर पहारा असतो. तिथल्या मुलांना तो घंटेइतकाच सवयीचा असावा.

७. (टिपणातून) ‘ज्यूंचा समूह मानून इस्रायलला लक्ष्य करणे हाही आविष्कार असू शकतो, मात्र इतर कोणत्याही देशावर होते तशी टीका अँटिसेमिटिक मानता येणार नाही.’

खरे रण इथे माजले. जुलै २०१८ मध्ये मजूर पक्षाच्या कार्यकारिणीने स्वतःची संहिता केली, पण ११ पैकी ४ उदाहरणे जशीच्या तशी घेतली नाहीत. सप्टेंबरात ती सगळी घ्यावी लागली.

पूर्वपक्ष: ही उदाहरणे पॅलेस्टिनी माणसाचे तोंड बंद करतात. आपले घर कसे गेले, हे सांगतानाच तो आरोपी ठरतो. शिवाय मूळ मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनीच सांगितले आहे, की ही व्याख्या घटनांची नोंद एकसारखी व्हावी म्हणून केली होती, विद्यापीठांत भाषणावर पहारा बसवण्यासाठी नव्हे. तरी २०२० मध्ये ब्रिटनच्या शिक्षणमंत्र्यांनी ती न स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना निधीचा धाक घातला.

हा पूर्वपक्ष बळकट आहे. २०२१ मध्ये विद्वानांच्या एका गटाने ‘जेरुसलेम जाहीरनामा’ हा पर्याय पुढे ठेवला, तो याच अस्वस्थतेतून. पण पूर्वपक्षाच्या उत्तरासाठी व्याख्येच्या बाहेर जावे लागत नाही. ‘तशी’ हा शब्द मुळातच आहे. टीका किती कडक आहे, हे इथे विचारलेले नाही. दुसऱ्या देशावर ती याच शब्दांत, याच चित्रांत झाली असती का, एवढेच विचारले आहे.

२७ जानेवारी २००३ च्या ‘इंडिपेंडंट’मध्ये इस्रायलचे पंतप्रधान शॅरॉन बाळाला खाताना दाखवले होते. व्यंगचित्रकाराने गोयाच्या प्रसिद्ध चित्राचा आधार घेतला होता. वृत्तपत्र तक्रार आयोगाने तक्रार फेटाळली आणि चित्राला त्या वर्षीचे पारितोषिकही मिळाले. बचाव खोटा नव्हता. गोया तिथे होता. पण ११४४ साली नॉर्विचमध्ये एका मुलाचा मृतदेह सापडला आणि पुढे ज्यूंवर त्याच्या बळीचा आळ आला. त्या आळाचा इतिहास ज्याच्या घरात सांगितला जातो, त्याला त्या चित्रात गोयाआधी नॉर्विच दिसते. राजकीय व्यंगचित्राचा हक्क मान्य करूनही मला वाटते, की संपादकाने ही दुसरी नजर छापण्याआधी विचारात घ्यायला हवी होती.

८. (टिपणातून) ‘…एकूण संदर्भ लक्षात घेऊन…’

उदाहरणांच्या डोक्यावर हे पद बसवले आहे आणि दोन्ही पक्ष घाईत तेच ओलांडून जातात. कुणी व्याख्या शिक्क्यासारखी मारतो, कुणी ती दिसताच कान झाकतो.

२९ नोव्हेंबर २०२१, लंडनची ऑक्सफर्ड स्ट्रीट. हनुक्का साजरा करायला निघालेल्या ज्यू मुलांच्या बसला काही जणांनी घेरले, थुंकले, काचांवर हात आपटले. बीबीसीच्या बातमीत म्हटले गेले, की बसच्या आतून मुस्लिमविरोधी अपशब्द ऐकू येतो. तो मदतीसाठी हिब्रूत मारलेली हाक होती, असे आक्षेपकांनी सांगितले. ध्वनिफितीविषयी वाद आहे, एवढे मान्य करायलाही बीबीसीने सुमारे ८ आठवडे घेतले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नियामक ऑफकॉमने ही गंभीर संपादकीय चूक ठरवली.

या प्रकरणात द्वेष शोधणाऱ्याला तो बसच्या बाहेर सापडेल, बातमीच्या टेबलावर बहुधा नाही. टेबलावर झाले ते वेगळेच: एक अस्पष्ट आवाज पुन्हा, हिब्रू जाणणाऱ्याला शेजारी बसवून, वेळेवर ऐकला गेला नाही. हॅनबरी स्ट्रीटच्या भिंतीसमोरही तसेच झाले होते, आणि तिथे पाहायला तर हिब्रू यावी लागत नव्हती.